वाचकांचे प्रश्न : बिनपायांच्या चिपची मापे आणि त्यांतील टॉलरन्स

मागील अंकात क्यूएफएन आणि डीएफएन या बिनपायांच्या आयसी पॅकेजांची ओळख करून दिली होती. यांच्या अंगातून पाय बाहेर आलेले नसतात. तळाशीच तांब्याच्या चपट्या लेड असतात आणि मधोमध उष्णता वाहून नेणारा एक मोठा पॅड असतो. या लेखावर मुंबई आणि परिसरातून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख ड्रॉइंगवरील मापे आणि त्यांत दिलेली सूट, म्हणजे टॉलरन्स, याकडे होता. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत. सर्व मापे मिलिमीटरमध्ये आहेत.

प्रश्न : मी रबाळे येथील एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात आवक मालाची तपासणी करते. ३२ लेडच्या ५ × ५ क्यूएफएनच्या ड्रॉइंगवर बॉडीचे माप ४.९० ते ५.१० असे दिले आहे, पण पिचपुढे, म्हणजे शेजारच्या दोन लेडच्या मध्यांतील अंतरापुढे, नुसते ‘०.५० बीएससी’ लिहिले आहे. अधिक-उणे काहीच नाही. अशा ठिकाणी ±०.०५ ही सर्वसाधारण सूट धरायची, अशी आमच्याकडे पद्धत आहे. बॉडीच्या कडेपासून पहिल्या लेडच्या मध्यापर्यंतचे अंतर हिशेबाने ०.७५ यायला हवे. प्रत्यक्षात काही नगांत ते ०.६८, तर काहींत ०.८२ येते आणि आम्ही ते नग नापास करतो. पुरवठादार मात्र माल बरोबर असल्याचे सांगतो. यात कोणाचे बरोबर आहे?

उत्तर : आपण दिलेल्या आकड्यांवरून पाहता पुरवठादाराचे म्हणणे बरोबर असण्याची शक्यता अधिक आहे. बीएससी, म्हणजे बेसिक, म्हणून लिहिलेले माप हे मूळ, आदर्श माप असते. त्याला स्वतःची सूट नसते आणि म्हणूनच कारखान्याची सर्वसाधारण सूटही त्याला लावायची नसते. ते फक्त एवढेच सांगते की प्रत्येक लेडची खरी जागा कोठे आहे. त्या जागेपासून लेड किती सरकलेली चालेल, हे ड्रॉइंगवर दुसरीकडे, चौकटी-चौकटींच्या एका पट्टीत लिहिलेले असते. जेडेक या सेमीकंडक्टर उद्योगाच्या मानक संस्थेच्या एमओ-२२० या नोंदणीकृत आराखड्यात आणि बहुतेक उत्पादकांच्या ड्रॉइंगमध्ये लेडच्या रुंदीच्या मापाखाली अशा दोन पट्ट्या एकाखाली एक दिसतात. वरच्या पट्टीत साधारणपणे ०.१० हा आकडा आणि पुढे सी, ए, बी हे तीन डेटम, म्हणजे मोजणीचे संदर्भ, असतात. खालच्या पट्टीत ०.०५ आणि फक्त सी हा एकच डेटम असतो. आपल्या शंकेचे निरसन या दोन पट्ट्यांमध्येच आहे.

वरची पट्टी लेडचे बॉडीशी असलेले नाते सांगते. ए आणि बी या डेटमची त्रिकोणी खूण ड्रॉइंगवर नेमकी कोठे टेकवली आहे, ते बारकाईने पाहावे. ती बॉडीच्या मापरेषेच्या सरळ रेषेत असेल, तर डेटम म्हणजे बॉडीचे मध्यप्रतल. ती मापरेषेपासून दूर, कडेवर टेकलेली असेल, तर डेटम म्हणजे ती कड. एएसएमई वाय १४.५ या ड्रॉइंगच्या अमेरिकी मानकाचा हा नियम आहे आणि क्यूएफएनच्या ड्रॉइंगमध्ये बहुधा पहिला प्रकार असतो. म्हणजे लेडची जागा बॉडीच्या मध्यापासून मोजायची आहे, कडेपासून नव्हे. आठ लेडच्या रांगेत सात पिच येतात, त्यांची लांबी ३.५० होते; म्हणून कोपऱ्याजवळच्या लेडची खरी जागा मध्यापासून १.७५ अंतरावर येते आणि ०.१० रुंदीच्या पट्ट्यात ती दोन्ही बाजूंना ०.०५ सरकू शकते. बॉडीची अर्धी रुंदी मात्र २.४५ ते २.५५ अशी बदलते. या दोन्हींचा मेळ घातला, तर कडेपासून पहिल्या लेडच्या मध्यापर्यंतचे अंतर ०.६५ ते ०.८५ यांच्या दरम्यान कोठेही येऊ शकते. तेव्हा आपण नापास केलेले ०.६८ आणि ०.८२ चे नग केवळ या मापावरून दोषी ठरत नाहीत.

खालची पट्टी लेडचे एकमेकींशी असलेले नाते सांगते, आणि तेथे सूट निम्मी आहे. प्रत्येक लेड आपल्या जागेपासून ०.०२५ इतकीच सरकू शकते. त्यामुळे शेजारच्या दोन लेडमधील अंतर ०.४५ ते ०.५५ असे बदलेल. पण पहिल्या आणि आठव्या लेडमधील अंतरही ३.४५ ते ३.५५ एवढेच बदलेल. सूट साचत जात नाही. आपल्या तपासणी तक्त्याप्रमाणे दर पिचला ±०.०५ दिले असते, तर सात पिचनंतर ती ±०.३५ झाली असती आणि ज्या नगाच्या टोकाच्या लेड पीसीबीवरील (सर्किट बोर्डावरील) पॅडच्या बाहेर गेल्या आहेत, तोही कागदोपत्री उत्तीर्ण झाला असता. गणेशोत्सवाच्या मंडपाचे खांब रोवताना प्रत्येक खांब मागच्या खांबापासून मोजला, तर शेवटचा खांब कोठे जाईल याचा नेम नसतो. पहिल्या खांबाशी फीत धरून सगळ्या खुणा एकदाच केल्या, तर चूक त्या त्या खांबापुरतीच राहते. बीएससीचे काम त्या फितीचे आहे. आपला तक्ता एकीकडे चांगला माल नापास करतो आणि दुसरीकडे वाईट माल पास करू शकतो. म्हणून तो बदलावा, असे आम्ही आग्रहाने सांगू.

आकड्याशेजारी वर्तुळात एम हे अक्षर असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तेथे दिलेली सूट लेड सर्वाधिक रुंद, म्हणजे समजा ०.३०, असतानाची असते. प्रत्यक्ष लेड ०.२५ रुंद असेल, तर उरलेले ०.०५ त्या सुटीत मिळवायचे. वरच्या पट्टीतील ०.१० ची सूट त्या नगापुरती ०.१५ होते. लेड अरुंद असेल तर ती थोडी अधिक सरकूनही पीसीबीवरील पॅडच्या आतच राहते. म्हणून ही सवलत न्याय्यच आहे.

प्रश्न : अंधेरीच्या एमआयडीसीत आमचे असेंब्लीचे छोटे युनिट आहे. एकाच क्रमांकाचा भाग आम्ही दोन ठिकाणांहून घेतो; दोन्ही ५ × ५ क्यूएफएनच आहेत. एकाच्या बाजू करवतीने कापल्यासारख्या सरळ उभ्या, तर दुसऱ्याच्या उतरत्या आहेत. भाग उचलून बोर्डावर ठेवणाऱ्या पिक-अँड-प्लेस मशीनचा कॅमेरा बॉडीची कड पकडून भाग मध्यावर आणतो. पहिल्या मालात भाग किंचित सरकून बसतात, तर दुसरा माल कॅमेरा अनेकदा नाकारतो. हा दोष समजावा काय?

उत्तर : हा दोष नसून दोन वेगळ्या घडणींचा परिणाम आहे, आणि मागील उत्तरातील ०.१० आणि ०.०५ हे दोन वेगळे आकडे कोठून आले, तेही यातूनच उलगडते.

क्यूएफएनच्या लेड आणि मधला पॅड हे तांब्याच्या सुमारे ०.२० जाडीच्या पत्र्यातून, लेडफ्रेममधून, तयार होतात. पत्र्यावर आराखडा प्रकाशाने उमटवतात आणि नको असलेले तांबे रसायनाने कोरून काढतात. आराखडा एकाच वेळी उमटत असल्याने लेडचे एकमेकींशी आणि मधल्या पॅडशी असलेले अंतर फार नेमके राहते. पुढे त्यावर चिप चिकटवून, तारा जोडून, कित्येक पॅकेजांवर एकत्रच काळे मोल्डिंग कंपाउंड ओततात आणि मग हिऱ्याच्या कणांच्या फिरत्या पात्याने उभे-आडवे काप घेऊन प्रत्येक पॅकेज सुटे करतात. बॉडीची कड ठरते ती या शेवटच्या टप्प्यावर. पाते झिजत जाते तशी कापाची रुंदी बदलते. लेडफ्रेमची पट्टी यंत्रावर किंचित सरकलेली असेल, तर एका बाजूचा काप आत आणि समोरच्या बाजूचा बाहेर जातो. पट्टी ०.०५ सरकली, तर एका बाजूच्या लेड ०.४० ऐवजी ०.४५ लांब आणि समोरच्या ०.३५ लांब होतात. लेडची आतली टोके आणि मधला पॅड मात्र आपापल्या जागी असतात. सरकलेली असते ती कड. म्हणूनच लेड-लेडमधील सूट कडक आणि लेड-बॉडीमधील सूट सैल ठेवलेली असते.

यावरून आपल्या कॅमेऱ्याने काय पकडायला हवे, ते स्पष्ट आहे. खालून प्रकाश टाकून लेड आणि मधला पॅड यांवरून भागाचा मध्य काढण्याची सोय आपल्या मशीनमध्ये असेल, तर बॉडीची कड सोडून तीच वापरावी. पीसीबीवर जुळायच्या असतात त्या लेड. शिवाय रिफ्लोमध्ये, म्हणजे बोर्ड भट्टीत तापवताना, सोल्डर वितळल्यावर पृष्ठताण भागाला ओढून घेतो तो लेडच्या आधारानेच. बॉडीची कड कोठे आहे, हे वितळलेल्या सोल्डरला ठाऊक नसते.

उतरत्या बाजूंचा माल हा पंच करून सुटा केलेला प्रकार आहे. त्यात प्रत्येक पॅकेज आपापल्या साच्यात ओतले जाते आणि साच्यातून सुटावे म्हणून बाजूंना उतार ठेवतात. अशा ५ × ५ पॅकेजचा माथा जेडेकच्या आराखड्याप्रमाणे ४.७५ × ४.७५ असतो. कॅमेऱ्याच्या लायब्ररीत आपण ५.०० चा सरळ चौकोन भरलेला असेल आणि प्रकाशामुळे त्याला माथ्याची कड दिसत असेल, तर तो भाग नाकारणारच. या मालासाठी वेगळी नोंद करावी आणि फीडरच्या टेपमधील खाचही तपासून पाहावी. उतरत्या बाजूंचा भाग खाचेत थोडा अधिक हलतो.

प्रश्न : मी माटुंग्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षात शिकतो. पॅकेजची एकूण उंची ०.८० ते १.०० इतकी सैल, तळाची उंची ० ते ०.०५ इतकी कडक आणि लेडची जाडी ‘०.२० आरईएफ’, असे तिन्ही आकडे एकाच तक्त्यात का असतात?

उत्तर : तिन्ही आकड्यांची कामे वेगळी आहेत. एकूण उंची वरच्या झाकणाला किंवा हीटसिंकला भाग लागणार नाही एवढ्यासाठी पाहायची असते. तेथे सर्वांत मोठा आकडा तेवढा महत्त्वाचा. अधिक पातळ प्रकारात तीच उंची ०.७० ते ०.८० असते. आरईएफ लिहिलेले माप केवळ माहितीसाठी असते. त्यावरून माल पास किंवा नापास करायचा नसतो. लेडफ्रेमचा पत्रा किती जाडीचा घेतला हे ते सांगते आणि मोल्डिंग झाल्यावर ती जाडी बाहेरून नीट मोजताही येत नाही.

तळाची उंची, म्हणजे भाग ज्या प्रतलावर टेकतो तेथून मोल्डिंगच्या तळापर्यंतचे अंतर, ही मात्र खरी नाजूक गोष्ट आहे. तिची खालची मर्यादा शून्य आहे, उणे नाही, याकडे लक्ष द्या. मोल्डिंग ओतताना लेडफ्रेमच्या खाली चिकट टेप लावलेली असते. लेड त्या चिकट थरात किंचित दबतात, त्यामुळे टेप काढल्यावर त्या मोल्डिंगपेक्षा काही मायक्रॉन खाली आलेल्या असतात. याउलट कंपाउंड लेडच्या खाली उतरले, तर भाग तांब्यावर न टेकता प्लॅस्टिकवर टेकेल आणि सोल्डरचा सांधा लेडपर्यंत पोहोचणारच नाही. शून्य ही मर्यादा ती शक्यता रोखते. वरची ०.०५ ची मर्यादा भाग सोल्डर पेस्टवर सपाट बसावा म्हणून आहे.

प्रश्न : ठाण्यात मी रिवर्कचे काम करतो. एकाच बोर्डावरील क्यूएफएनच्या एका बाजूच्या लेड वारंवार सुट्या राहतात. भागाची कोप्लॅनॅरिटी तपासून घेतली, ती ०.०८ च्या आत आहे. बोर्ड वाकडा असल्याचा संशय आहे. कोठे पाहावे?

उत्तर : आपण दिलेल्या लक्षणांवरून पाहता प्रथम मधल्या पॅडवरील पेस्टकडे पाहावे. बोर्डाचा वाकडेपणा संपूर्ण बोर्डाच्या लांबीवर मोजलेला असतो. ५ मिमीच्या तुकड्यात त्यातला फारच थोडा अंश उतरतो. मोठ्या बीजीएमध्ये (तळाला सोल्डरचे गोळे असलेल्या पॅकेजमध्ये) तो नडतो, छोट्या क्यूएफएनमध्ये सहसा नाही.

कोप्लॅनॅरिटीचा ०.०८ हा आकडा सांगतो की सर्व लेडचे तळ टेकण्याच्या प्रतलापासून ०.०८ च्या आत आहेत. पेस्ट लावण्याची स्टेन्सिल (भोकांचा पातळ पत्रा) ०.१० ते ०.१२५ जाडीची असेल, तर सर्वांत वर असलेली लेडही ओल्या पेस्टला टेकते; आकडा त्या हिशेबानेच ठेवलेला आहे. परंतु पेस्टच्या आकारमानात धातू सुमारे निम्माच असतो, उरलेला फ्लक्स. वितळल्यावर ०.१० च्या थरातून सुमारे ०.०५ सोल्डर उरते आणि शिलकीची सगळी मोकळीक येथेच संपते. अशा वेळी मधला पॅड भागाला वर धरून ठेवत असेल, तर कडेच्या लेड सुट्या राहणारच.

हिशेब करून पाहा. मधला पॅड ३.४५ × ३.४५ असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ११.९ चौरस मिमी होते. ३२ लेड प्रत्येकी ०.२४ × ०.४० धरल्या, तर त्यांचे एकत्रित क्षेत्रफळ जेमतेम ३.१ चौरस मिमी भरते. स्टेन्सिलमध्ये मधला पॅड पूर्ण उघडा ठेवला असेल, तर पॅकेज मधल्या वितळलेल्या तळ्यावर तरंगते, जराशा कारणाने एका बाजूला झुकते आणि वर उचललेल्या बाजूच्या लेड कोरड्या राहतात. उपाय स्टेन्सिलमध्ये आहे. मधला भाग खिडकीच्या तावदानांसारखा विभागून त्यावरील पेस्ट साधारण ५० ते ८० टक्के एवढीच ठेवतात. वरील पॅडवर १.३५ × १.३५ च्या चार खिडक्या केल्या, तर पेस्ट सुमारे ६१ टक्के भागावर येते आणि खिडक्यांमधल्या वाटांतून फ्लक्सचा वायूही बाहेर पडतो.

याच्या उलटही घडते. मधल्या पॅडखाली उघडे, मोठ्या भोकांचे व्हाया (बोर्डाचे थर जोडणारी छिद्रे) असतील, तर सोल्डर त्यांतून खाली उतरते, पॅकेज जास्तच खाली बसते आणि कडेच्या लेडमधून सोल्डर बाहेर दाबले जाऊन शेजारच्या लेडला चिकटते. तेव्हा आपल्या बोर्डावर सुट्या लेडऐवजी शॉर्ट सापडत असतील, तर व्हाया तपासा. एक विनंती मात्र अवश्य करावीशी वाटते : सुटी राहिलेली बाजू हाताने सोल्डर भरून जोडण्यापूर्वी कारखान्याला स्टेन्सिलचा आराखडा मागावा. तो न बदलता केलेली दुरुस्ती पुढच्या लॉटमध्ये पुन्हा आपल्याच टेबलावर येईल.

प्रश्न : मी बोरिवलीत घरून पीसीबी डिझाइनची कामे करते. बोर्डावरील पॅडची मापे ठरवणाऱ्या आयपीसी-७३५१ या मानकाच्या सूत्रात सगळ्या सुटींची सरळ बेरीज न करता वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात. यात धोका नाही का?

उत्तर : आकडे घालून पाहिले की धोका किती, ते समजते. बॉडी ४.९० ते ५.१०, म्हणजे भागाची सूट ०.२०, बोर्ड तयार होतानाची सूट ०.१० आणि भाग ठेवतानाची ०.०५ धरू. सरळ बेरीज ०.३५ होते, वर्गमुळाची पद्धत सुमारे ०.२३ देते. पॅड लेडच्या पुढे प्रत्येक बाजूला ०.३० यावा असे ठरवले, तर समोरासमोरच्या पॅडच्या बाह्य टोकांमधील अंतर ४.९० + ०.६० + ०.२३, म्हणजे ५.७३ येते, सरळ बेरजेने ते ५.८५ आले असते. आता सर्वांत वाईट योग जमून आला, म्हणजे भाग सर्वांत मोठा, बोर्ड सर्वांत आखूड आणि ठेवण्यातही चूक, तरी पॅड लेडच्या पुढे ०.३० ऐवजी सुमारे ०.२४ उरतो. सांध्याला तो पुरतो. सरळ बेरीज घेतली असती, तर प्रत्येक बोर्डावर जागा वाया गेली असती.

ही पद्धत एक गोष्ट गृहीत धरते : तिन्ही चुका एकमेकींवर अवलंबून नाहीत आणि मधल्या मापाच्या दोन्ही बाजूंना सारख्या पसरलेल्या आहेत. पात्याने कापलेल्या मालात हे गृहीतक लॉटपुरते खरे ठरत नाही. एका रिळातील बहुतेक भाग एकाच बाजूला कललेले, समजा ५.०६ च्या आसपास, निघू शकतात. म्हणून आमचे मत असे की बोर्डावर दाटी असेल आणि आपण सर्वांत आखूड पॅडचा पर्याय घेणार असाल, तर त्या एका भागासाठी सरळ बेरीज करून पाहावी. एरवी सूत्रावर विश्वास ठेवावा. आणखी एक गोष्ट अशी की कापलेल्या बाजूला लेडचे तांबे उघडे पडलेले असते, त्यावर लेप नसतो, त्यामुळे तेथे सोल्डर चढेलच याची शाश्वती नसते. पॅड बाहेर कितीही वाढवला तरी ती मिळत नाही. सांधा बाहेरून दिसलाच पाहिजे अशी अट असेल, जशी वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये असते, तर ज्यांच्या लेडच्या बाजूला खाच करून लेप दिलेला असतो, ती वेटेबल फ्लँकची पॅकेजे निवडावीत.

याच पत्रात आपण विचारले आहे की ०.५० ची पिच २० मिलच्या ग्रिडवर बसवली तर चालेल का. चालणार नाही. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग; २० मिल म्हणजे ०.५०८. ४८ लेडच्या पॅकेजमध्ये एका बाजूला बारा लेड, म्हणजे अकरा पिच येतात. एकूण फरक ०.०८८ होतो आणि दोन्ही टोकांच्या लेड प्रत्येकी ०.०४४ ने सरकतात. उत्पादकाला जी ०.०५ ची मुभा दिली आहे, ती आपण संगणकावरच जवळजवळ खर्च करून बसतो.

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन आम्ही दुरुस्ती करतो. ‘क्यूएफएन-३२, ५ × ५, पिच ०.५’ एवढे जुळले की दुसऱ्या कंपनीचा भाग बसवता येतो, असे समजत होतो. एका बोर्डावर भाग बसला, पण मधल्या पॅडशी शॉर्ट आला.

उत्तर : बाहेरचे माप, लेडची संख्या आणि पिच जुळूनही मधला पॅड वेगळा असू शकतो. ५ × ५ मध्येच तो कोणाकडे ३.१०, कोणाकडे ३.४५, तर कोणाकडे ३.६० असतो, आतल्या चिपच्या आकारावर आणि उष्णतेच्या गरजेवर तो अवलंबून असतो. ३.१० च्या पॅडसाठी आखलेल्या बोर्डावर ३.६० चा भाग ठेवला, की त्याचे तांबे प्रत्येक बाजूला ०.२५ पुढे जाते. नेमक्या त्याच पट्ट्यात डिझायनरने एखादा व्हाया किंवा ट्रेस नेलेला असतो आणि त्यावरील सोल्डर मास्क, म्हणजे बोर्डावरचा रंगीत थर, हे भरवशाचे इन्सुलेशन नव्हे. जेडेकच्या आराखड्यात लेडची आतली टोके आणि मधला पॅड यांत किमान ०.२० अंतर ठेवायला सांगितले आहे, पण ते पॅकेजच्या आतले अंतर. आपल्या बोर्डावर तेथे काय आहे, हे आराखड्याला ठाऊक नाही. तेव्हा भाग घेताना पॅकेजचे नाव न विचारता त्या भागाच्या डेटाशीटमधील तळाचे ड्रॉइंग पाहावे आणि मधल्या पॅडचे सर्वांत मोठे माप बोर्डावरील पॅडशी ताडून पाहावे.

जुन्या बोर्डावरून काढून पुन्हा कथील लावलेले भाग घेत असाल, तर ते काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून भिंगाखाली पाहावेत. लेडवर सोल्डरचे लहानमोठे उंचवटे असतील, तर डेटाशीटवरील कोप्लॅनॅरिटीचा आकडा त्या भागाला लागू होत नाही.

प्रश्न : आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकलो तेव्हा फर्स्ट अँगल प्रोजेक्शन शिकवले होते. पॅकेजच्या ड्रॉइंगमध्ये तळाचे दृश्य उलटे वाटते. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोच्या एसपी ४६ प्रमाणे फर्स्ट अँगल शिकवतात, तर अमेरिकी पद्धतीची ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये असतात, दृश्यांची मांडणी त्यामुळे बदलते. पॅकेजच्या ड्रॉइंगवर दृश्याखाली ‘बॉटम व्ह्यू’ असे लिहिलेले असते, त्यावरच विसंबावे. वरून पाहताना लेडचे क्रमांक घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वाढतात. तळाकडून पाहताना ते काट्यांच्या दिशेने वाढलेले दिसतात. फुटप्रिंट, म्हणजे बोर्डावरील पॅडचा आराखडा, वरून पाहिल्याप्रमाणे आखायचा असतो, म्हणून तळाचे दृश्य तसेच्या तसे उतरवू नये.

प्रश्न : भांडुपला आमची टूलरूम आहे, एसी नाही. ०.०२ च्या व्हर्निअरने क्यूएफएनची मापे घेतो. मापे २० अंश तापमानाला घ्यावीत असे वाचले. मुंबईच्या उन्हाळ्यात केलेली मोजणी ग्राह्य धरावी का?

उत्तर : तापमानाची चिंता या आकाराच्या भागासाठी करू नये. तांबे दर अंशाला दशलक्षात सुमारे १७ भाग प्रसरण पावते. २० ऐवजी ३२ अंशांना ५ मिमीची लांबी जेमतेम १ मायक्रॉनने वाढते. तीच बाब २५० मिमीच्या पीसीबी पॅनलला लावली आणि प्रसरणांक १५ धरला, तर फरक ४५ मायक्रॉनवर जातो. पॅनल किंवा स्टेन्सिल मोजताना तापमान अवश्य नोंदवावे.

आपली खरी अडचण व्हर्निअरची आहे. ज्या मापाची सूट मोजायची, तिच्या दहाव्या हिश्शाइतके बारीक साधन असावे, असा टूलरूमचा जुना दंडक आहे. बॉडीची ०.२० ची सूट ०.०२ च्या व्हर्निअरने कशीबशी मोजता येते. मात्र जबडे कापाच्या कडेवरील तांब्याच्या बारीक कुसळावर (बर) किंवा मोल्डिंगच्या बाहेर ओघळलेल्या पापुद्र्यावर (फ्लॅश) टेकलेले नाहीत, हे भिंगातून पाहून घ्यावे. लेडच्या रुंदीची सूट ०.१२ असते, तिच्यासाठी आणि लेडच्या जागेसाठी प्रोफाइल प्रोजेक्टर किंवा टूलमेकर्स मायक्रोस्कोप हवा. तळाची ० ते ०.०५ उंची आणि कोप्लॅनॅरिटी व्हर्निअरने मोजूच नयेत. त्यासाठी फोकसच्या उंचीवरून अंतर काढणारा मायक्रोस्कोप लागतो. तो नसेल, तर ही दोन मापे बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून घ्यावीत आणि आपल्या अहवालात त्या रकान्यासमोर तसे स्पष्ट लिहावे.